त्र्याहत्तर किलोंचा सदा

सदादादाच्या नडगीवर विनेशने अंगठा ठेवला तो हाताला दुसरं काही काम नव्हतं म्हणून. अतिदक्षता विभागात भेटीला दहा मिनिटं देतात, आणि आतला माणूस बेशुद्ध असेल आणि शुद्धीत असता तरी तुमच्याशी बोलला नसता असा असेल, तर दहा मिनिटं फार होतात. एक मिनिट तोंडाकडे बघण्यात गेलं, एक मॉनिटरकडे. तिसऱ्या मिनिटाला चादरीबाहेर आलेला पाय दिसला, आणि आपण काहीतरी करतो आहोत असं सिस्टरला वाटावं म्हणून विनेशने तो दाबला. अंगठा उचलला. नडगीवर खळगा पडला होता. तो भरेना. विनेश वाट बघत राहिला. खळगा होता तिथेच, कडा स्पष्ट, तळाशी नखाची बारीक रेघसुद्धा. डोक्याला काही कळायच्या आत विनेशचा अंगठा मागे सरला, पँटला पुसला गेला, आणि आत कुठेतरी आईच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, ठेव. शिळा हाय.

आईचा हा आवाज मासळीवरचा होता, घरातला नव्हे. रेवदंड्याला होडी किनाऱ्याला लागली की सोनूबाई मासे ताजे आहेत का असं कधी विचारत नसे. विचारणं म्हणजे होडीवाल्याला खोटं बोलायची सोय करून देणं. ती अंगठा लावायची. रावस असो, घोळ असो, पाठीवर एकदा दाबायचं आणि उचलायचं. मांस उसळून वर आलं तर घ्यायचा, खळगा राहिला तर ठेवायचा. 'अंगठ्याला इचार, मानसाला न्हाय,' एवढंच शिक्षण तिने दोन्ही मुलांना दिलं. सदा तेव्हा तेराचा आणि विनेश सहाचा. विनेशचा अंगठा शेंगदाण्याएवढा असेल, पण कधी चुकला नाही. सदा चुकायचा, कारण तो दाबता दाबता होडीवाल्याच्या तोंडाकडे बघायचा. पुढे विनेश शिकला, म्हणजे मासळीतून सुटला, आणि उरणजवळच्या एका गोदामाच्या फाटकावर कारकून म्हणून एकतीस वर्षं बसला. कंटेनर आत किती आले, बाहेर किती गेले. कंटेनरला अंगठा लागत नाही. तो सीलबंद असतो, आणि कागदावर जे लिहिलंय तेच आत आहे असं कंटेनरने आणि कारकुनाने मिळून मानायचं असतं. विनेशने ते इतक्या निष्ठेने मानलं की निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्याच्या विश्वासूपणाचा दोनदा उल्लेख केला, एकदा त्याच्या नावाने आणि एकदा चुकून दुसऱ्याच्या.

आता तो अलिबागच्या या हॉस्पिटलात पलंगाशी उभा होता आणि आपल्याला काय वाटतंय ते तपासून बघत होता. दाताच्या डॉक्टरने बधिर केलेल्या गालाला जीभ लावून बघावी, तसं. काही वाटत नव्हतं. भाऊ गेलेला आहे, यंत्रं चालू आहेत, आणि ही बातमी आत्ता जगात फक्त आपल्या अंगठ्याला आहे, हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण ते कळणं, बंदरात दुसऱ्या कोणाचं तरी जहाज आलंय हे कळण्यासारखं होतं. अकरा दिवसांपूर्वी जाळ्यातून शिंगाळा सोडवताना त्याचा काटा सदाच्या तळहातात घुसला. शिंगाळ्याचा काटा घुसला नाही असा कोळी रेवदंड्यात शोधून मिळायचा नाही, म्हणून सदाने हळद लावली आणि जेवला. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत काळानिळा झाला, तिसऱ्या दिवशी सदा असंबद्ध बोलायला लागला. म्हणजे मनुवहिनीला 'तू दमलीस का' असं विचारायला लागला, आणि वहिनी घाबरली. त्याचा मुलगा धनेश होडी घेऊन बाहेर गेलेला. तिने उरणला फोन लावला. विनेश करंज्याहून लाँचने खाडीपलीकडे रेवसला उतरला, हॉस्पिटल गाठलं, आणि जिथे जिथे नातेवाईकाची सही लागते तिथे तिथे नातेवाईक म्हणून सही केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मनुवहिनी बसली होती. खुर्च्यांवरच्या मंडळींत एक शिष्टाचार होता. वरून आलेल्याने 'बरं आहे' म्हणायचं आणि खालच्याने 'होईल सगळं नीट' म्हणायचं. विनेश 'बरं आहे' म्हणाला. पण वहिनी शिष्टाचार पाळणाऱ्यांतली नव्हती. ती सकाळच्या भेटीला जाऊन आली होती आणि तेव्हापासून खुशीत होती.

"भावोजी, अंग धरला वो यांनी! गाल बगितलंव? लगीन झाला तवासुदा असं नव्हतं. तवा तर माजी आय म्हनली व्हती, पोरी, सुकट दिली तुला."

"हं," विनेश म्हणाला.

"सिस्टरला इचारला मी. आले तवा अठ्ठावन्न किलो, आज त्र्याहत्तर. पलंगालाच काटा हाय म्हने. नऊ दिसात पंधरा किलो! नलीतना काय देतात ते जरा लिवून घ्या, आमच्या सुनेला, मनालीलापन देऊ. पोरगी हाडाची काडी झालीय."

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने कौतुकाने मान हलवली. पंधरा किलो म्हणजे काही थोडके नव्हेत. विनेशने खिशातून पेन काढलं, जणू खरंच लिहून घेणार होता, आणि परत ठेवलं.

डॉक्टर त्याला संध्याकाळी भेटला. तो विनेशच्या मुलाच्या वयाचा होता आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा, एकदा तोंडाने आणि एकदा हातांनी. म्हणाला, रक्तात जंतू पसरले की बारीक नसा गळक्या होतात. रक्तदाब टिकवायला आम्ही सलाइन भरलं. भरावंच लागतं. ते नसांतून गळून मांसात जाऊन बसलं. म्हणजे शरीरात पाणी भरपूर आहे, पण जिथे पाहिजे तिथे नाही. विनेशने मान हलवली. हे वाक्य तो सोसायटीच्या सभेत दर उन्हाळ्यात ऐकत आला होता, आणि तिथेही मान हलवण्यापलीकडे काही करता येत नसे. "आणि पाण्याखाली?" त्याने विचारलं. "पाण्याखाली माणूस झिजतोय, काका. इतका आजारी माणूस पडून राहिला की शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं. नळीतून अन्न देतोय, तरी खातं. दहा दिवसांत मांडीचा सहावा हिस्सा सहज जातो. यांचा जास्तच गेला असेल. सूज आहे म्हणून दिसत नाही. उद्यापासून पाणी काढायचं औषध वाढवतोय. सूज उतरली की दिसेल, तेव्हा घाबरायचं नाही."

"म्हणजे बरं व्हायला लागल्यावर वाईट दिसणार."

"बरोबर."

"आणि आता चांगलं दिसतंय ते—"

"वाईट आहे," डॉक्टर आनंदाने म्हणाला. वर्गात एकाला तरी समजलं असं वाटून मास्तरला होतो तो आनंद.

हे वहिनीला सांगायला हवं होतं. विनेश खाली आला, तर ती डबा उघडून बसली होती आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा नीट जेवत होती. त्याने उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने रेवदंड्याहून दोन शेजारणी आणल्या, नवऱ्याचे गाल दाखवायला. वर एकालाच सोडतात, म्हणून शेजारणी खालीच बसून गालांचं वर्णन ऐकत राहिल्या. तेव्हा सांगणं बरं दिसलं नसतं. आणि खरं म्हणजे सांगायचं तरी कशाच्या जोरावर? डॉक्टरचं म्हणणं त्याच्या डोक्याला पटलं होतं. अंगठ्याला पटलं नव्हतं. दर भेटीला विनेश चादर सारायचा, दाबायचा, उचलायचा आणि बघत राहायचा. अकराव्या दिवशी शिवानी सिस्टरने त्याला पकडलं. ती चौलची, हातात फाइल, केसांत कायम एक पेन खोचलेलं. विनेश चोरी सापडल्यासारखा मागे झाला. पण ती रागावली नाही. तिने स्वतःचा अंगठा सदाच्या नडगीवर ठेवला, दाबला, उचलला आणि घड्याळाकडे बघत पुटपुटत सेकंद मोजले. "आम्हीपण असंच बघतो काका. परवा लवकर भरत नव्हता, आज बराच लवकर भरतोय." तिने लिहूनही ठेवलं. विनेशला हे चमत्कारिक वाटलं. इतक्या यंत्रांच्या गर्दीत शेवटी आईचाच अंगठा. फक्त निकाल वेगळा. सोनूबाईच्या कोर्टात ज्याला फाशी झाली, त्याला इथे तारीख मिळत होती.

आईच्या बाबतीतही तारखाच मिळत गेल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा विनेशने तिला रेवदंड्यातून उचललं आणि शहरात मोठ्या हॉस्पिटलात घातलं. सदा म्हणत होता नको. तिने त्याला सांगून ठेवलं होतं, मना दर्याचा आवाज ऐकत जाऊ द्या. विनेशने सदाला अडाणी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, कारण एकांतात म्हणायला वेळ नव्हता. रोज सकाळी डॉक्टर सांगायचे, थोडी वाट बघू. विनेश रोज सही करायचा. कागदावर जे लिहिलंय तेच आत आहे. सव्वीस दिवस झाले, आणि सत्ताविसाव्या दिवशी ती दोन यंत्रांच्या मध्ये, एसीच्या आवाजात गेली. अँब्युलन्समध्ये सदा ड्रायव्हरशेजारी बसला आणि रेवदंडा येईपर्यंत ड्रायव्हरच्या गावाची, मुलाबाळांची चौकशी करत राहिला. विनेश मागे आईपाशी. त्या दिवसापासून सदा त्याच्याशी बोलला नाही. धनेशच्या लग्नात विनेश समोर उभा असताना सदा तिसऱ्याच माणसाला म्हणाला, 'त्याला सांग, पंगत बसलीय.' विनेश जेवला. जेवण उत्तम होतं. नऊ वर्षं तो 'त्याला' होऊन राहिला आणि हळूहळू त्याचंही काही वाटेनासं झालं. सवयीचं दुखणं असतं तसं सवयीचं न दुखणंही असतं.

पाणी उतरायला लागलं. शिवानीच्या तक्त्यावर दोन रकाने होते, आत आणि बाहेर. साऱ्या हॉस्पिटलात विनेशला समजणारी ही एकच गोष्ट. नळीतून, सलाइनमधून, औषधांतून आत दीड लिटर. लघवीच्या पिशवीतून बाहेर चार. दुसऱ्या दिवशी आत दीड, बाहेर साडेचार. एकतीस वर्षं फाटकावर त्याने एवढा चोख हिशेब कधी पाहिला नव्हता. शिवानी तर पिशवी मापताना माहेरचा नारळ हातात घेतल्यासारखी खूश दिसायची. आणि जसजसं पाणी बाहेर चाललं तसतसा आतून एक म्हातारा वर येऊ लागला. ओहोटीला बुडालेल्या होडीच्या फासळ्या दिसाव्यात, तसं एक एक हाड. आधी गळ्याची हाडं, मग बरगड्या, मग गुडघे. मांड्या वल्ह्याच्या दांड्याइतक्या राहिल्या होत्या. गळ्याला भोक पाडून तिथून श्वासाची नळी घातली होती. तेराव्या दिवशी विनेशने चादर सारून दाबलं, तर खळगा पडला नाही. विनेशला क्षणभर काहीतरी वाटल्यासारखं झालं, पण मग लक्षात आलं की खळगा पडायला खाली काही उरलंच नव्हतं. अंगठा हाडाला लागून थांबला होता. या प्रकाराला सोनूबाईच्या शास्त्रात निकालच नव्हता. इतका सुकलेला मासा ती दाबायची नाही, सरळ सुकटीत टाकायची.

झोपेचं औषध बंद करून तीन दिवस झाले होते. सदा मधेच डोळे उघडायचा आणि छताकडे बघायचा. हात हलत नव्हता, पाय हलत नव्हता. डॉक्टर म्हणाला, मेंदू ठीक वाटतोय, स्नायूच संपलेत, वेळ लागेल. किती? आठवडे, कदाचित महिने. 'थोडी वाट बघू.' हे शब्द आल्याबरोबर विनेशने पलीकडे बघायला सुरुवात केली.

चौदाव्या दिवशी सकाळी वहिनी वर गेली आणि दहा मिनिटांची वेळ असताना दोन मिनिटांत खाली आली. ती ओरडली नाही. खुर्च्यांच्या रांगेसमोर उभी राहिली आणि विनेशला म्हणाली, "भावोजी, वर पडलाय तो कोन हाय?"

"दादा आहे वहिनी."

"न्हाय. ह्यो माजा दादला न्हाय. मी चार दीस गावात, सुनेच्या तापामुलं. मागं भरला मानूस ठेवून गेली मी. त्याचा मांस कुठं गेला?"

"ते मांस नव्हतं. पाणी होतं. डॉक्टरने मला सांगितलं होतं, उतरल्यावर असं दिसणार म्हणून."

"कवा सांगितला?"

"नवव्या दिवशी."

"आनि मी शेजारनी आनल्या," ती म्हणाली. "गाल दाखवायला. तुमी हितंच बसला व्हतात." मग ती खाली बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली, पुन्हा पुन्हा. एवढं पुसण्यासारखं तोंडावर काहीच नव्हतं.

दुपारी धनेश आला तो अँब्युलन्स सांगूनच. काउंटरवरून त्याने कागद आणला. सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर, रुग्णास घरी नेत आहोत. श्वासाची नळी काढून नेलं तर सदा जिवंत जेमतेम रेवदंड्यापर्यंत पोचेल, कदाचित ओटीपर्यंत. हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण डॉक्टरने हातांनी सांगितलं होतं. दाखल करताना विनेशची सही होती, म्हणून इथेही त्याचीच लागत होती.

"काका, टेन्शन नको घेऊ, सही कर," धनेश म्हणाला. आवाज उद्धट नव्हता, दमलेला होता. "बाबाचा डोला उघडा हाय फक्त. हात न्हाय, पाय न्हाय. आज्जीला ठेवलीस तसा त्याला ठेवू नको. त्याला दर्या तरी ऐकू दे."

विनेश कागद मांडीवर घेऊन बसला. सही केली, की धनेशचं बरोबर ठरतं, नऊ वर्षांपूर्वीच्या सदाचं बरोबर ठरतं, अंगठ्याचंही. नाही केली आणि सदा सव्वीस दिवसांनी इथेच गेला, तर तीच चूक दुसऱ्यांदा केल्याचा मान गावात एकट्या विनेशला. आणि सही करून नेला, आणि तो जगणारा होता, तर? या तिन्ही गोष्टी तो एकापुढे एक ठेवून बघत होता. एकीनेही काळजाला हात घातला नाही. त्याला फक्त पेनाचं टोपण घट्ट बसलंय एवढंच जाणवत होतं. "पाचच्या भेटीला जाऊन येतो," तो म्हणाला. "मग करतो." धनेशने अँब्युलन्सवाल्याला चहा पाजायला नेलं.

पाच वाजता वर पलंगापाशी फिजिओथेरपिस्ट होती, बारीकशी, नाकात चमकी घातलेली मुलगी. कोणता स्नायू किती चालतो ते शून्य ते पाच आकड्यांत लिहायचं तिचं काम. "सदाकाका, माझं बोट दाबा." शून्य. "मनगट उचला." शून्य. "पाय ओढा, मी धरते, ओढा." शून्य. ती प्रत्येक वेळी शून्य झाल्यावर 'छान' म्हणत होती. विनेश कागदाची घडी हातात धरून ऐकत होता. सदाचे डोळे उघडे, छतावर.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"भाऊ."

"मग तुम्ही हाक मारा ना. ओळखीच्या आवाजाला कधी कधी प्रतिसाद देतात."

विनेशला सांगावंसं वाटलं की बाई, माझ्या आवाजाला प्रतिसाद न देण्याचा यांचा नऊ वर्षांचा सराव आहे. पण तिला पुढच्या पलंगावर जायचं होतं. त्याने घसा साफ केला. शब्द जुना होता, कुठून काढायचा ते आठवेना.

"दादा."

सदाचे डोळे छतावरून खाली आले. भिंतीवरून, सलाइनच्या बाटलीवरून, थांबत थांबत, आणि विनेशच्या चेहऱ्यावर येऊन टेकले. तिथे ते बराच वेळ राहिले. चूक होऊ नये म्हणून ओळख पटवत असावेत. मग गळ्याच्या नळीखाली एक शीर ताठ झाली. सदाची हनुवटी थरथरली. ते पाप्याचं पितर झालेलं डोकं उशीवर एक बोट सरकलं, थांबलं, दम घेतला, पुन्हा एक बोट सरकलं. आणि अतोनात कष्टाने, कपाळावर घाम येईपर्यंत, सदाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मान!" मुलगी ओरडली. "सिस्टर, मान वळवली यांनी! पूर्ण वळवली! दोन!" तिने आकडा लिहिला. शिवानी धावत आली. विनेश सदाच्या पाठमोऱ्या कानाकडे बघत उभा होता. त्याच्या हातातला कागद कधी खाली पडला, कळलं नाही. मग तो पलंगाला वळसा घालून, पंपांच्या वायरी ओलांडून, भिंतीच्या बाजूला गेला आणि सदाच्या तोंडासमोर उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला.

सदाने डोळे मिटले, उघडले, आणि परतीच्या प्रवासाला सुरुवात केली.

खाली वहिनी आणि धनेश उभेच होते. अँब्युलन्सचा ड्रायव्हर दाराशी. विनेशचं तोंड बघून धनेशने आईचा दंड धरला.

"काय झाला?" वहिनी म्हणाली.

विनेश तिच्यासमोर येऊन थांबला. गालातली बधिरता उतरताना मुंग्या येतात, तसं काहीतरी चाललं होतं. "हाक मारली," तो म्हणाला. "तर माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी दुसऱ्या बाजूला गेलो. तिकडूनपण फिरवलं."

वहिनीने पदर खोचला. "दोनी बाजूनं?"

"दोन्ही."

"मग त्योच हाय," ती म्हणाली, आणि धनेशकडे वळली. "गाडी परत धाड. उबा काय राहिलास?"